वाडीहून इंदोऱ्याला

आमच्या वाडीत नवा शेजारी राहायला आला की पहिल्या दिवशी आडनाव विचारतो आणि दुसऱ्या दिवशी गाव. आडनाव कशासाठी विचारतात ते आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. गावाचा प्रश्न मात्र वाडीत खरोखरीचा असतो. अमरावती रोडवरची ही वस्ती मुळी बाहेरून आलेल्यांची. कोणी भंडाऱ्याचा, कोणी बालाघाटचा, कोणी ट्रकसोबत आला आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामाजवळच खोली घेऊन राहिला. कोणी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला आणि निवृत्तीनंतर इथेच त्याने प्लॉट घेतला. माझे यजमान या शेवटच्या प्रकारातले. तेव्हा लोक गाव विचारतात आणि मी सांगते, "इंदोरा."

माझी मुलगी हसते. "आई, इंदोरा काय गाव आहे का? नागपुरातलाच तर मोहल्ला आहे."

तिचे म्हणणे खरे आहे, पण जुन्या कागदावर अजून 'मौजा इंदोरा' असेच लिहितात. आणि माहेर म्हणजे गावच. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी या गावाला गेले. जाताना मनात एक बेत होता. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचायला सोपे जाईल.

इंदोऱ्यातल्या घरी आई एकटी राहते. वय ऐंशीच्या आसपास. वडील रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये होते, त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. भाऊ पुण्याला नोकरीत. मेट्रो सुरू झाल्यापासून आमच्या गल्लीत बांधकामवाल्यांच्या चकरा वाढल्या. एकाने भावाला फोन करून चांगली रक्कम सांगितली. भावाचे म्हणणे असे, की घर विकावे, आईने वाडीला माझ्याकडे राहावे आणि पैशाचे तीन वाटे करावेत. मला ते पटले होते. वाडीत आमचे घर मोठे आहे, समोर आंगण आहे, आईचे गुडघे दुखतात आणि इंदोऱ्याच्या घराला बाहेरून जिना. मी आईला समजवायला निघाले होते.

मुलीला सोबत घेतले. दत्तवाडीच्या स्टॉपवरून बस धरली. डिफेन्सचे फाटक, मग जिथे पूर्वी जकात नाका होता ती जागा. जकात २०१३ साली बंद झाली, तरी कंडक्टर अजून "नाका, नाका" असेच ओरडतो. पुढे डाव्या-उजव्या हाताला विद्यापीठाचा परिसर, रविनगर, लॉ कॉलेज चौक, आणि मग सीताबर्डी. मेट्रो अजून वाडीपर्यंत आलेली नाही, दुसऱ्या टप्प्यात दत्तवाडीपर्यंतचा मार्ग आखला आहे. तेव्हा आधी बस आणि बर्डीवरून मेट्रो.

बर्डीला उतरले की मला वसंत मून यांचे 'वस्ती' हे पुस्तक आठवते. १९९५ साली ते आले. याच सीताबर्डीतल्या महारपुऱ्याची ती कथा. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ज्यांनी संपादित केले, तो माणूस कोणत्या गल्लीत वाढला, तिथे आखाडे कसे होते, समता सैनिक दल कसे उभे राहिले, पोटाला काय मिळत होते, हे सगळे त्यात आहे. माझ्या मुलीने ते वाचलेले नाही. कॉलेजात तिला इतर पुष्कळ पुस्तके लावली आहेत.

मेट्रोत ती खिडकीजवळ बसली आणि मी तिच्यापेक्षा जास्त बाहेर पाहत होते. हा वरचा प्रवास मला नवा. कस्तुरचंद पार्कचे मैदान वरून दिसले. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस इथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती. अध्यक्ष होते छत्रपती शाहू महाराज, आणि तरुण बाबासाहेब तिथे आले होते. मी मुलीला दाखवले. ती म्हणाली, "इथे तर फटाक्यांची दुकाने लागतात न?" तेही खरेच.

मग गड्डीगोदाम. खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर वाहनांचा उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर आमची मेट्रो, असे एकावर एक चार मजले. कामठी रोडवरची मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या पोटातून जाणारा उड्डाणपूल २०२४ मध्ये. बाहेरगावचे लोक मोबाइलवर फोटो काढत होते. गड्डीगोदाम मुलीला ठाऊक होते, पण सिनेमातून. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ साली आला, तो इथल्याच फुटबॉल खेळणाऱ्या पोरांवरचा. कोणत्या का वाटेने होईना, तिला वस्तीचे नाव कळले.

कडबी चौक गेला आणि इंदोरा चौक आला. जिना उतरताना मी थांबले. वरून पूर्ण वस्ती दिसते. मी लहानपणी जी कौले पाहिली त्यातले एखादेच उरले असेल. आता सिमेंटच्या गच्च्या, काळ्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, आणि मधूनमधून निळे झेंडे, पंचशील ध्वज. घरांवर नावे: रमाई, भीमाई, सुजाता, लुंबिनी. वैद्यांच्या, वकिलांच्या, शिकवणी वर्गांच्या पाट्या. या पाट्यांवरची आडनावे वाचत जावे, दुसरे काही वाचायची गरज नाही. ज्यांच्या आजोबांना गिरणीत साच्यावर बसू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवांच्या या पाट्या आहेत.

साच्याची गोष्ट नव्या पिढीला सांगावी लागते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आजूबाजूच्या खेड्यांतून आपले लोक कामाला आले. पण देशातल्या कापड गिरण्यांत तेव्हा एक रीत होती. सूत काढण्याच्या खात्यात आपल्या माणसाला काम मिळे, विणाईत नाही. कारण कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या ओठाचा धागा इतर विणकरांना विटाळाचा वाटे. विणाईत मजुरी जास्त होती. म्हणजे विटाळाची किंमत दर आठवड्याच्या पगारातून कापून घेतली जात होती. माझे आजोबा एम्प्रेसमध्ये सूतखात्यातच लागले आणि सूतखात्यातूनच निवृत्त झाले.

मिलच्या चालकांनी इंदोऱ्याच्या बाजूला कामगारांसाठी वस्ती आखली होती. गर्दीपासून दूर, सरळ रस्ते, घरापुढे मोकळी जागा. शेजारच्या बेझनबागेचे नावही मिलचे मॅनेजर बेझनजी मेहता यांच्यावरून आले. आज तिथून जाणाऱ्या दहा जणांत एकालाही ते ठाऊक नसेल. मिलचा कारभार टाटांकडून १९८६ मध्ये सुटला, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने तो काही वर्षे चालवला आणि २००२ मध्ये चिमणी कायमची थंड झाली. त्या जागेवर आता मॉल आहे. मिल गेली, मिलच्या कामगारांची वस्ती राहिली. उलटे व्हायला हवे होते असे मला वाटत नाही, पण दोन्ही राहिले असते तर किती घरे वाचली असती.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. नातीला पाहून म्हणाली, "काऊन वं, एवढी वाळली? वाडीत खायले भेटत नाई का?" मग तर्री-पोहे झाले. पोहे संपेपर्यंत मी घराचा विषय काढला नाही. आईने मात्र ओळखले होते. भावाचा फोन तिलाही गेला होता.

मी सांगितले, जिना किती उंच आहे, रात्री काही झाले तर कोण धावेल, वाडीत आंगण आहे. आईने सगळे ऐकले. मग नातीकडे वळून विचारले, "तू कोणत्या शाळेत शिकली?" नातीने इंग्रजी शाळेचे नाव सांगितले. "तुया आईची शाळा? तुया आजीची? आन तिच्या सासूची?"

सासूच्या म्हणजे माझ्या आजीच्या शाळेची गोष्ट आमच्या घरात फार वेळा झाली आहे, पण मुलीने ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली. माझी आजी अक्षर शिकली ती जाईबाई चौधरींमुळे. जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा. दुष्काळात कुटुंब नागपूरला आले. लहानपणी लग्न, मग स्टेशनवर हमाली, डोक्यावर ओझे. एका मिशनरी भगिनीने त्यांना शिकवले आणि महिना चार रुपयांवर शिक्षिकेचे काम दिले. पण अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच लोकांनी मुले शाळेतून काढली आणि जाईबाईंचे काम गेले. दुसरी कोणी असती तर पुन्हा ओझ्याकडे वळली असती. जाईबाईंनी १९२२ मध्ये स्वतःच संत चोखामेळा कन्याशाळा काढली. त्याआधी १९०७ मध्ये किसन फागुजी बनसोडे यांनी पाचपावलीत आपल्या मुलींसाठी शाळा घातली होती, तोच धडा जाईबाईंनी पुढे नेला. ही हकीगत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात नोंदवली आहे, १९८९ सालच्या.

त्यात आणखी एक प्रसंग आहे. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली. शिकलेल्या, मोठ्या घरच्या बायकांची परिषद. जाईबाईंना बोलावणे होते. जेवणाच्या वेळी त्यांना बाजूला बसवले गेले. लगेच, १९३८ च्या पहिल्याच दिवशी, आपल्या बायकांनी निषेधाची सभा घेतली. आणि चार वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, मोहन पार्कात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली तेव्हा सोबत महिलांचीही परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब बोलले, हजारो बायका बसलेल्या. पंगतीत बाजूला बसवलेल्या बायका आता मांडवात बसल्या होत्या.

मुलीने विचारले, "आजी, तू बाबासाहेबांना पाहिले का?"

आईचे ठरलेले उत्तर आहे, तिने तेच दिले. १४ ऑक्टोबर १९५६, रविवार. आई अकरा वर्षांची. घरातल्या सगळ्यांना पांढरे कपडे हवे होते आणि बाजारात पांढरे लुगडे मिळेना, म्हणून तिच्या आईने जुने लुगडे भट्टीत घालून पांढरे केले. पाचपावलीहून चालत गेले. "गर्दीत मले फक्त लोकायच्या पाठी दिसल्या. आवाज ऐकू आला. घरी आलो तं माया बापानं देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधले आन नेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी घर रिकामं रिकामं वाटलं." एवढे सांगून ती नेहमी थांबते. रिकामे वाटले हे ती लपवत नाही. मोठ्या सभांतल्या भाषणांत मी हे वाक्य कधी ऐकले नाही.

दुपारी आम्ही तिघी बाहेर पडलो. आईला रोज चालायचेच असते. दहा नंबर पुलियापर्यंत गेलो. तिथे नामांतर शहिदांचे स्मारक आहे. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, मराठवाड्यात आपली घरे जळाली आणि ऑगस्टमध्ये नागपूरची माणसे रस्त्यावर उतरली. पोलिसांच्या गोळ्या याच भागात चालल्या. अविनाश डोंगरे, दिलीप रामटेके, रतन मेंढे, रोशन बोरकर, अब्दुल सत्तार ही नावे आमच्या लहानपणी मोठी माणसे हळू आवाजात घेत. विद्यापीठाला नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. आईने चप्पल काढून हात जोडले. मुलगी नावे वाचत राहिली आणि शेवटचे नाव वाचून म्हणाली, "हे मुसलमान होते न?" आई म्हणाली, "वस्तीतलेच होते."

परत येताना जरीपटक्याच्या बाजारातून आलो. तिथली दुकाने सिंधी बांधवांची. फाळणीनंतर ते इथे आले, छावणीत राहिले, मग बाजार उभा केला. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वस्त्या, दोन्ही शून्यातून उभ्या राहिलेल्या. आईचे दुकान ठरलेले आहे. दुकानदार तिला "मौसीजी, जयभीम" म्हणतो, मग भाव सांगतो. जयभीममुळे भाव कमी होत नाही, हेही लिहून ठेवते.

नव्या इंदोऱ्याबद्दल सगळे चांगलेच लिहावे असे नाही. पुलाच्या कामाची वर्षे कामठी रोडवरच्या लहान दुकानदारांनी धूळ खाऊन काढली, आणि आता खांबांमुळे काहींच्या दुकानात दुपारीही दिवा लावावा लागतो. गल्लीत मोटारी उभ्या, पोरांना खेळायला जागा नाही. भाडी वाढली, तेव्हा ज्याच्या नावावर घर नाही तो मजूर बाहेर ढकलला जातो. शिकलेली मुले बेसा, मनीषनगर, पुणे अशी पांगली. मी त्यांना काय नावे ठेवू? मीही वाडीला गेलेच की.

शहर सुधारायचे तर ते कोणाला विचारून, हा प्रश्न आपल्या लोकांनी गेल्या काही वर्षांत दोनदा मोठ्याने विचारला. अंबाझरीचे डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडले गेले, तेव्हा भगिनींनी कित्येक महिने तिथे धरणे धरले. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या खोदकामाविरुद्ध लोक जमले आणि सरकारला ते काम थांबवावे लागले. जाळपोळ झाली ती मला आवडली नाही. पण खड्डा पाहून रडणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांना पार्किंगचा नकाशा कोणी आधी दाखवला नव्हता.

इंदोऱ्याचे जे खरे उभे राहणे आहे, ते संध्याकाळी दिसले. आई आम्हाला इंदोरा बुद्ध विहारात घेऊन गेली. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई जपानातून आले, नागपूरला राहिले आणि इंदोऱ्याचे झाले. महाबोधी मुक्तीचे आंदोलन १९९२ मध्ये सुरू झाले तेव्हा या विहारातून माणसे बोधगयेला निघत. मला आठवते, वडील गेले होते, आणि आईने त्यांच्यासोबत आठ दिवस टिकतील अशा दशम्या बांधून दिल्या होत्या.

वंदनेला चाळीस-पन्नास उपासिका होत्या. बहुतेक आईच्या वयाच्या, थोड्या माझ्या. तरुण मुली बोटावर मोजण्याइतक्या. वंदना संपल्यावर मला वाटले आता सगळ्या घरी जातील. पण मागच्या बाकांवर काही बायका थांबल्या आणि आईने पिशवीतून एक वही काढली. ती वही मी कधी पाहिली नव्हती. त्यात नावे होती, तारखा होत्या. कोणाच्या घरी कोणती मुलगी अभ्यासाला बसते, कोणाचा फॉर्म भरायचा आहे, कोणाची फी अडली आहे.

मग कळले. वडील गेल्यापासून आमच्या घराची खालची खोली आईने अभ्यासाला दिली आहे. रोज संध्याकाळी सात ते दहा. गल्लीतल्या, मागच्या झोपडपट्टीतल्या आठ-दहा मुली येतात. ज्यांच्या घरी एकच खोली आणि एकच दिवा आणि वर टीव्ही. कोणी बारावीची, कोणी नर्सिंगची, एक पोलीस भरतीची. आई त्यांना शिकवत नाही, तिला स्वतःला सातवीपर्यंतच येते. ती दारात बसते. मुली घरी जाईपर्यंत दारात बसते, एवढेच तिचे काम.

"मले सांगितलं काऊन नाई?" मी विचारले. रागात मीही आईच्या भाषेत येते.

"तू इचारलं कधी?"

भावाला रात्री फोन लावला. त्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आईच्या गुडघ्यांचे काय?" त्याचा प्रश्न चुकीचा नाही. बांधकामवाला थांबणार नाही, गुडघेही थांबणार नाहीत. आम्ही एवढेच ठरवले की या वर्षी विक्रीचे बोलायचे नाही, आईची झोपायची खोली खाली आणायची आणि अभ्यासिका वरच्या खोलीत न्यायची. मुलींना जिना चढायला काय होते. खर्च तो देणार, मिस्त्री मी पाहणार.

आईला सांगितले तर तिला तेही पूर्ण पटले नाही. "मंग मी दारात बसल्यावर मले वरच्या पोरी दिसतीन कशा?" यावर मिस्त्री काय करतो ते पाहायचे आहे. जिन्याच्या वळणाशी एक खिडकी काढता येईल असे यजमान म्हणतात, त्यांनी फॅक्टरीत आयुष्यभर मापेच घेतली.

मुलगी त्या रात्री इंदोऱ्यालाच राहिली. मी एकटी परत निघाले. शेवटच्या मेट्रोला अवकाश होता, पण बर्डीवरून वाडीची बस चुकू नये म्हणून घाई केली. आई जिन्यावरून ओरडली, "येत्या रयवारी इहाराचा चहा आपल्याकडं हाय. वाडीवरून येताना दोन किलो साखर घेऊन ये. तिकडं सस्ती भेटते."